एकवीस तुकड्यांची पिशवी

पोलीस क्वार्टरच्या मागच्या गल्लीत राहिलं की खाकीची भीती उरत नाही, सवय होते. मंजुश्रीच्या घरात तर खाकी कापड ब्लाउजपीसच्या बरोबरीनं घडी घालून पडलेलं असायचं. लग्न होऊन नांदुऱ्याहून ती या गावात आली, पुढच्या खोलीत शिलाई मशीन मांडली, त्याला आता एकोणीस वर्षं होत आली. ठाण्यातल्या सगळ्या बायांच्या वर्द्या तिच्याकडेच यायच्या. कुणाची पँट कंबरेत सैल, कुणाचा शर्ट खांद्यात आवळ. नावाची पट्टी काढून ती खिडकीच्या काठावर ठेवायची आणि काम झालं की आठवणीनं परत लावून द्यायची.

तिची धम्मशीला लहान होती तेव्हा अशीच एखादी शिवायला आलेली वर्दी अंगात घालून आरशासमोर उभी राहायची. बाह्या गुडघ्यापर्यंत लोंबायच्या. मंजुश्री तोंडात टाचण्या धरून हसू दाबायची आणि टाचण्या काढल्या की तिला हमखास सांगायची, "हे पाह्य शीले, रस्त्यात काई झालं, कोणी मागं लागलं, तं पळाचं नाई. खाकीवाली बाई दिसली का सरळ तिच्यापाशी जाचं. खरं नाव सांगाचं, पप्पाचा नंबर सांगाचा. समजलं?"

पोर सतरा वर्षांची झाली, बारावी सायन्सला गेली, तरी हे सांगणं तिनं मनात जपून ठेवलं होतं. आणि तेच नडलं.

दहा दिवसांपूर्वीची गोष्ट. एसटी स्टँडच्या मागं पाण्याची उंच टाकी आहे, तिच्या सावलीत सिमेंटचे बाक आहेत. ट्यूशन सुटली की पोरं-पोरी तिथं बसची वाट पाहत बसतात. धम्मशीलेच्या वर्गातला शिवम कावीळ होऊन तीन आठवडे घरी होता. दोघांचे रोल नंबर लागून, म्हणून प्रयोगशाळेत त्यांचं टेबल एक. बुडालेल्या प्रयोगांचे आकडे तो तिच्या जर्नलवरून उतरवून घेत होता. तेवढ्यात सावली पथकाची गाडी आली, आत एक खाकीवाली बाईही होती. पोरींना कुणी त्रास देऊ नये म्हणून काढलेलं हे पथक. पण गाडी दिसताच बाकांवरची सगळी पोरं-पोरी चिमण्यांसारखी उडाली. शिवमही उठला होता. धम्मशीलेनंच त्याला खाली बसवलं.

"बस ना बे. आपण काऊन पळाचं? आपण काय केलं?"

विचारलं तसं तिनं खरं नाव सांगितलं, कॉलेज सांगितलं, पप्पांचा नंबर सांगितला. शिवमला कान धरून वीस उठाबशा काढायला लावल्या. काविळीतून उठलेला पोरगा. अकराव्या बैठकीला त्यानं बाकाला हात टेकला, तर मोजणी परत एकपासून सुरू झाली. धम्मशीलेला समोर उभं राहून पाहायला सांगितलं होतं. तिनं पाहिलं. मग दोघांना टाकीसमोर उभं करून फोटो काढला आणि तिच्या बापाला फोन लावला, स्पीकरवर.

प्रेमानंद एसटीच्या डेपोत मेकॅनिक. बसच्या पोटाखालून सरकत बाहेर येऊन त्यानं ग्रीसच्या हातानं फोन घेतला. तुमची मुलगी एका मुलासोबत सापडली, असं पलीकडून कानावर आलं. तो म्हणाला, "हो साहेब. माफ करा साहेब. पुन्हा नाही होणार साहेब." एवढंच. तीन वाक्यं, आणि ती तिन्ही टाकीखाली उभ्या असलेल्या पोरीनं ऐकली.

दुसऱ्या दिवशी तो फोटो गावातल्या प्रत्येक मोबाइलवर होता. खाली लिहिलं होतं, 'सावली पथकाकडून युगुलांना समज.' चेहरे धूसर केले होते. पिशवी धूसर करायचं कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

ती पिशवी मंजुश्रीनं शिवली होती. एकवीस तुकड्यांची. गल्लीतल्या अर्ध्याअधिक बायांच्या ब्लाउजमधून उरलेल्या चिंध्या जोडून, आत जाड अस्तर घालून, जर्नल नीट मावेल अशा मापाची. मधोमध खिशावर एक खाकी चौकोन होता. पूनम नावाची एक नवी शिपाई पोरगी क्वार्टरमध्ये राहायला आली होती, तिच्या पँटची उंची कमी करताना तो तुकडा निघाला होता. धम्मशीलेनं हट्ट धरून तो बरोबर मधेच लावून घेतला होता. गावात अशी दुसरी पिशवी नव्हती. आजवर त्याचंच तर कौतुक होतं.

शेजारच्या रुखमाबाई मोबाइल हातात धरूनच आल्या होत्या. चष्मा कपाळावर चढवला, फोटो मोठा केला.

"मंजे, ह्या पिशवीत माह्या हिरव्या ब्लाउजचा तुकडा दिसून राह्यला व. पोट्टी आपली तं नोहे?"

मंजुश्रीनं मशीनचं चाक हातानं थांबवलं. त्या दिवसापासून तिच्या मनाला एकच गोष्ट कुरतडत होती. कॅमेऱ्यानं पोरीचं तोंड झाकलं, आणि आपल्या टाक्यांनी ते उघडं केलं.

पहिले दोन दिवस पोट दुखतं म्हणून धम्मशीला कॉलेजला गेली नाही. मग डोकं. मग तिनं कारण सांगायचंच सोडलं. रसायनशास्त्राचं पुस्तक मांडीवर उघडं असायचं, पण पान तेच. सकाळी बाहेरून दुधाची गाडी गेली तरी ती दचकायची. "मम्मी, कोण हाय व बाहेर?" घरात दोन वर्द्या शिवायला टांगलेल्या होत्या, तर ती पुढच्या खोलीत पाऊलही टाकीना. मंजुश्रीनं त्या काढून पेटीत ठेवल्या, तेव्हा कुठं ती पाणी प्यायला पुढं आली. जेवताना भाकरीचे तुकडे करून ताटात नुसते फिरवत राहायची. माय म्हणून मंजुश्री ताटाकडे पाही आणि बाई म्हणून तिच्या मोकळ्या, न विंचरलेल्या केसांकडे. मायनं तेल लावू का विचारलं, तर पोर भिंतीकडे तोंड करून झोपली.

शनिवारी दुपारी तिची मैत्रीण पायल आली. दारातूनच कुजबुजली, "काकू, सोमवारी केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल हाय. बाहेरचे सर येऊन राह्यले. आपले सर म्हणे, गैरहजर राह्यली तं विषय गेला."

"शिवम येते काय कॉलेजले?" मंजुश्रीनं विचारलं.

"येते. पण पोट्टे लय बेकार हायत काकू. तो पायऱ्या चढला का मांगून मोजतात. एक, दोन, तीन..."

आतल्या खोलीत पलंग करकरला. म्हणजे पोरीनं ऐकलं होतं.

पायल गेल्यावर जर्नल शोधायला म्हणून मंजुश्रीनं पलंगाखाली हात घातला, तर पिशवी हाती आली. मधला खाकी चौकोन नव्हता. त्या जागी अस्तराचा पांढरा डोळा तेवढा उघडा होता. तिनं कडेवरून बोट फिरवलं. कापड कुठंही फाटलेलं नव्हतं. पोरीनं ब्लेडनं एकेक टाका उसवून तुकडा काढला होता. रागातसुद्धा शिवणाऱ्या बाईची पोर.

"शीले," ती पलंगाच्या काठावर बसली. "सोमवारी जाशीन ना बाई?"

"नाई."

"वर्ष जाईन."

"जाऊ दे." भिंतीकडेच तोंड करून ती म्हणाली. "तिथं त्याच्याच बाजूले उभं राहा लागते मम्मी. माह्यामुळं त्यानं उठाबशा काढल्या. तो पळून राह्यला होता. मीच त्याले बसवलं." आणि मग एकदम उठून बसली. "तूच म्हणत होती ना, पळाचं नाई म्हणून? जे पयाले त्यायचं काहीच नाई झालं. आन् पप्पानं तं इचारलं बी नाई. काय केलं माह्या पोरीनं, एवढं तं इचाराचं होतं त्यायले."

मंजुश्रीनं पोरीचं डोकं मांडीवर ओढून घेतलं. या वेळी पोरीनं ओढू दिलं.

रविवारी सकाळी मंजुश्री पिशवी मशीनवर घेऊन बसली होती, तोच दारात चपला वाजल्या.

"मावशी, हायत का घरी?"

पूनम होती. साध्या ड्रेसमध्ये, हातात खाकी शर्ट. मूळची डोणगावची, पंचविशीची असेल. बोलता बोलता लाजून हसली. "पाचवा महिना लागला ना मावशी. मधलं बटनच लागून नाई राह्यलं. थोडा ढिला करून द्या."

घराच्या आत कुठंतरी खट्ट झालं. न्हाणीची कडी.

मंजुश्रीनं सवयीनं गळ्यातली टेप काढली, पूनमच्या पोटाभोवती धरली. मऊ, कोवळं पोट. टेपवरचा आकडा तिनं वाचला आणि तिचा हात तिथंच थांबला. पूनमची नजर मशीनवर गेली होती. एकवीस तुकड्यांची पिशवी, मधे भोक.

"हे..."

"हाव. माह्या पोरीची हाय."

पूनम स्टुलावर बसली. "मले खरंच माहीत नोतं मावशी, तुमची होय म्हणून."

"माही नसती तं चाललं असतं काय?"

पूनम शर्टाच्या कॉलरशी चाळा करत राहिली. "मी तिले पाणी देल्लं होतं," ती हळूच म्हणाली. "साहेबाले रोज दाखवा लागते, किती जणायले समज देली ते. फोटोसकट. बाकीचे सगळे पयाले. हे दोघंच बसून होते."

"बसून होते, कारण मी सांगतलं होतं. लहानपणापासून सांगत आली. खाकीवाली बाई दिसली तं भ्याचं नाई म्हणून." मंजुश्रीचा आवाज चढला नाही. ती टेप बोटाभोवती गुंडाळत होती. "तुम्ही समज देली म्हणता. मले एक सांगा. तिनं चूक कोणती केली? ते घरी सुधरवा तं लागन ना मले."

पूनमनं शर्टाची घडी मोडून परत घातली.

"तो फोटो काढून टाकता येईन का?" मंजुश्रीनं विचारलं.

"माह्या हातात नाई आता मावशी. कोणाच्याच हातात नाई." मग आतल्या दाराकडे पाहत, "तिच्याशी बोलू का मी?"

"आज नको. तुमचा आवाज आला आन् न्हाणीची कडी लागली. ऐकली ना?"

पूनमनं ऐकली होती. ती उठली. मंजुश्रीनं शर्ट तिच्या हातातून घेतला, शिवण उलटी करून पाहिली. "दोन इंच निघते. करून ठेवतो. पोटावर ताण नका घेऊ."

ती गेली, तेव्हा तिच्या चपलांचा आवाजसुद्धा आल्यापेक्षा हळू होता.

मंजुश्रीनं कपाट उघडून निळा कपडा काढला. चौदा एप्रिलला घालायच्या तिच्या ब्लाउजमधून उरलेला. चौकोन कापला, कडा आत मुडपल्या आणि मशीन चालू केली. तिसऱ्या बाजूवर आली तेव्हा धम्मशीला दाराशी येऊन उभी होती.

"कायले शिवून राह्यली? मी नाई नेत ते."

"नको नेऊ. मी नेतो."

"तू?"

"हाव. उद्या तुह्या संगं कॉलेजवर येतो. पिशवी माह्या खांद्यावर राहीन. ज्याले पिशवी ओळखाची हाय त्यानं माह्याकडं पाहावं. शिवली मी हाय."

पोर तिथून हलली नाही. चौथी बाजू शिवून होईपर्यंत ती चौकटीला टेकून पाहत राहिली.

संध्याकाळी प्रेमानंद डेपोतून आला, हातपाय धुतले आणि चहा घ्यायच्या आधी पोरीच्या कंपासपेटीतल्या चार पेन्सिली घेऊन उंबऱ्यावर बसला. डेपोतलं पातं घेऊन त्यानं एकेक टोक काढायला घेतलं. बोटांच्या रेघांत ग्रीस कायमचं मुरलेलं, पण टोक असं काढलं की सुई.

"शीले," तो पेन्सिलीकडेच पाहत म्हणाला. "त्या दिवशी मले इचाराले पाहिजे होतं. फोन आला, पलीकडून साहेब बोलला, आन् माह्या तोंडातून माफीच निघाली. लहानपणापासून आमच्या तोंडातून तेच निघत आलं. माह्या बापाच्या बी तेच निघे." त्यानं टोकावर फुंकर मारली. "तुह्या तोंडातून खरं नाव निघालं. मी बसखाली पडून तोच इचार करत राह्यलो इतके दिवस. पोरगी पयाली नाई आपली."

धम्मशीलेनं त्याच्या हातातून पेन्सिल घेतली. बोटावर टोक टेकवून पाहिलं. "लय बारीक केलं पप्पा," ती म्हणाली. "तुटन ना." दहा दिवसांत तिनं बापाशी बोललेलं ते पहिलं वाक्य. प्रेमानंदनं पातं खाली ठेवलं आणि उगीचच चहा गार झाला म्हणून आत गेला.

सोमवारी मंजुश्रीनं निळा ब्लाउज घातला, पिशवी खांद्याला अडकवली आणि दोघी निघाल्या. धम्मशीलेच्या केसांना तेल लागलं होतं, दोन्ही वेण्या घट्ट. ओट्यावर तूर पाखडत बसलेल्या रुखमाबाईंनी सूप थांबवलं.

"काय व मंजे? पिशवी तुह्या खांद्यावर?"

"हाव ना. बारावीले बसून राह्यलो."

रुखमाबाईंना हसावं की नाही ते कळेना. "मंग पास हो बाप्पा," त्या म्हणाल्या. नजर मात्र धम्मशीलेवर होती, आणि ती नजर आज जरा मऊ होती.

कोपऱ्यावर रस्ता फुटतो. सरळ गेलं की स्टँड, टाकी आणि पाच मिनिटांत कॉलेज. डावीकडून जिनिंग कारखान्याच्या मागून गेलं तर दुप्पट चालणं. धम्मशीला डावीकडे वळली. मंजुश्री तिच्या मागं वळली. वाटेत कापसाचे पुंजके गवताला अडकलेले होते. पोर पुटपुटत होती, आम्ल, अल्कली, ब्युरेट, रीडिंग. मधेच थांबली. "मम्मी, हात थरथरला तं रीडिंग चुकते."

"थरथरू दे. थांबला का मंग घेजो."

एवढा वळसा घालून आल्या, तरी कॉलेजच्या फाटकासमोर सावली पथकाची गाडी उभी होतीच.

धम्मशीला जागच्या जागी थांबली. तिनं मायचा पदर मुठीत धरला, चार वर्षांची असताना बाजारात धरायची तसा. फाटकाशी तीस-चाळीस पोरं-पोरी होती. कुणाची तरी नजर पिशवीवर गेली. मग दुसऱ्याची. मग ती पिशवीवरून वर चढून मंजुश्रीच्या तोंडावर आली. मंजुश्रीनं ती तिथंच थोपवली, सरळ पाहून. लिंबाखाली शिवम एकटा उभा होता, गळ्याची हाडं निघालेली, जर्नल छातीशी धरलेलं. त्यानं त्यांच्याकडे पाहिलं आणि लगेच खाली पाहिलं.

गाडीतून पूनम उतरली. दुसरा शर्ट अंगात होता, मधल्या बटणाच्या जागी सेफ्टी पिन. ती चालत आली आणि तीन पावलांवर थांबली. धम्मशीलेची पदरावरची मूठ आणखी आवळली.

"मावशी," पूनम सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाली, "माहा शर्ट झाला काय?"

"नाई झाला. पोरीचं प्रॅक्टिकल हाय आज. ते झाल्यावर."

पूनमनं पिशवीकडे पाहिलं. खाकी गेलं होतं, निळं आलं होतं. पोरीनं तिच्याकडे पाहिलं नाही. मग पूनम वळली आणि गाडीवाल्याला म्हणाली, "भाऊ, गाडी मांगं घ्या. पोरायले आत जायले जागा नाई."

"इथंच राहू दे म्हटलं होतं साहेबानं."

"मांगं घ्या म्हटलं ना."

गाडी घुरघुरत मागे गेली. हळूहळू, पार चहाच्या टपरीच्याही पलीकडे. धम्मशीला ती जाताना पाहत राहिली, डोळे न मिटता. शेवटी गाडी थांबली तेव्हा तिनं पदर सोडला. त्यावर मुठीच्या सुरकुत्या पडल्या होत्या.

"दे," ती म्हणाली.

"काय?"

"पिशवी. जर्नल त्यातच हाय ना."

मंजुश्रीनं पट्टा खांद्यावरून काढला. पोरीनं तो आपल्या खांद्याला अडकवला, वेणी पट्ट्याखाली अडकली ती ओढून काढली आणि निघाली. लिंबापाशी जराशी थबकली.

"बॅच तीच हाय ना आपली?"

"हाव," शिवम म्हणाला.

"तू ब्युरेट पकड. माहा हात थरथरते."

"माहा बी थरथरते."

पुढं ती, दोन पावलं मागं तो, असे दोघं आत गेले. पायऱ्यांवर कुणीतरी मागून "एक..." म्हणालं. धम्मशीला वळली नाही. "दोन" काही ऐकू आलं नाही.

मंजुश्री समोरच्या बंद रसवंतीच्या बाकावर बसली. बुधवारी फिजिक्सचं प्रॅक्टिकल होतं, मग बायोलॉजीचं. बुधवारी पोर पदर धरेल का, टाकीच्या रस्त्यानं कधी जाईल, हे तिला माहीत नव्हतं. पलीकडे पूनम गाडीला टेकून उभी होती, एक हात नकळत पोटावर. सेफ्टी पिन उन्हात चमकत होती. दोन इंच पुरायचे नाहीत, मंजुश्रीच्या मनात आलं. दोन महिन्यांत परत आवळ होईल. बाजूला पट्टी जोडून अडीच करावे.

मग तिनं वर पाहिलं. प्रयोगशाळेची खिडकी माडीवर आहे. पोरं-पोरी टेबलाशी जागा व्हावी म्हणून आपापल्या पिशव्या खिडकीच्या कठड्यावर ठेवत होती. काळ्या, काळ्या, एक राखाडी. आणि त्यांच्या मधोमध, तोंड रस्त्याकडे करून, एकवीस तुकड्यांची.